जगात एकूण पैसा किती? आधी सांगा, कोणता?

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लेख द्यावयाचा म्हणजे तो लसीकरणावर, बालकांच्या आहारावर, किंवा अलीकडच्या प्रथेप्रमाणे 'मुले आणि मोबाइल' या विषयावर असणार, असे संपादक मंडळ गृहीत धरते. या तिन्ही विषयांवर मी यापूर्वी लिहिले आहे. यंदा मात्र विषयांतराची परवानगी मागून घेतली. त्याचे निमित्तही आपल्या व्यवसायातच घडले.

हल्ली वैद्यकीय परिषदांत शास्त्रीय सत्रे आटोपली की भोजनापूर्वी गुंतवणुकीवर एक व्याख्यान असते. प्रायोजकांची ती सोय असते. त्याबद्दल तक्रार नाही. अशाच एका व्याख्यानात पडद्यावर एक प्रचंड आकडा झळकला. जगात आज एकूण इतके ट्रिलियन डॉलर पैसा आहे, तो दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढतो, आणि आपण मुदत ठेवीत पैसे ठेवले तर या वाढीत मागे पडणार, असा एकंदर युक्तिवाद होता. सभागृहात आपल्यातलेच शे-दीडशे डॉक्टर बसलेले. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने 'सत्तर टक्के रुग्णांना गुण आला' असे म्हटले, तर गुण येणे म्हणजे काय, कोणत्या निकषावर, किती दिवसांनी, असे त्याला भंडावून सोडणारी ही मंडळी. येथे एकानेही हात वर केला नाही. पैशाच्या आकड्यापुढे आपली चिकित्सक बुद्धी कोठे जाते, हे मला त्या दिवसापासून पडलेले कोडे आहे.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. जगातील एकूण पैसा हा आकडा तापमापकावरील पाऱ्याप्रमाणे वाचून घेतलेला नसतो. आधी कोणी तरी पैसा कशास म्हणावयाचे हे ठरवलेले असते, मग निरनिराळ्या देशांच्या वह्यांतून बेरीज केलेली असते, आणि शेवटी ती एका चलनात बदललेली असते. ठरवणे बदलले की आकडा बदलतो. म्हणून व्याख्येवाचून सांगितलेला आकडा ऐकून घ्यावा, पण त्यावर आपल्या आयुष्याची बचत हलवू नये.

पैसा मोजण्याचा एक अगदी प्रारंभीचा आणि गंभीर प्रयत्न एका डॉक्टरनेच केला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. विल्यम पेटी हे सतराव्या शतकात ऑक्सफर्ड येथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. १६५० च्या डिसेंबरात अ‍ॅन ग्रीन नावाच्या, फाशी दिलेल्या तरुणीचा देह विच्छेदनासाठी त्यांच्याकडे आला. तिच्या घशात घरघर आहे हे लक्षात येताच पेटी आणि त्यांचे सहकारी थॉमस विलिस यांनी सुरी बाजूला ठेवून तिला शुद्धीवर आणले, आणि ती पुढे अनेक वर्षे जगली. हे विलिस म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवलयाला ज्यांचे नाव आपण पहिल्या वर्षाला पाठ केले, तेच. पेटी मात्र पुढे वैद्यकातून आयर्लंडच्या जमीनमोजणीकडे आणि तेथून राज्याच्या हिशेबाकडे वळले.

१६६५ मध्ये त्यांनी लिहिलेली एक छोटी पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर, १६९१ मध्ये, छापली गेली. तीत त्यांनी इंग्लंडमधील नाण्यांचा अंदाज ६० लाख पौंड धरला आणि देशाचा वार्षिक खर्च ४ कोटी पौंड. मग ६० लाखांत ४ कोटींचा व्यवहार चालतो कसा? हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. तेव्हा शरीरशास्त्राच्या या प्राध्यापकाला उत्तर अभिसरणात सापडावे यात नवल नाही. तेच नाणे पुनःपुन्हा फिरते. मजूर दर शनिवारी मजुरी घेतात आणि लगेच खर्च करतात. सगळा व्यवहार अशा आठवड्याच्या फेऱ्यात झाला तर ८ लाख पौंडांहूनही कमी नाणे पुरेल. जमिनीचा खंड तिमाहीने भरला जातो. सगळेच त्या संथ फेऱ्यात चालले तर १ कोटी पौंड लागतील. दोहोंचा मध्य काढून त्यांनी ५५ लाखांच्या आसपास गरज ठरवली आणि देशात आहे तो पैसा पुरेसा आहे असा निर्वाळा दिला. पैशाला त्यांनी राज्याच्या देहातील चरबीची उपमा दिली होती: फार झाली की चपळाई जाते, फार कमी झाली की देह आजारी पडतो. साडेतीनशे वर्षांनंतरही ही उपमा मला कोणत्याही आलेखापेक्षा सरस वाटते. किती पैसा आहे हे विचारणाऱ्याने तो किती वेगाने फिरतो हेही विचारावे, हा धडा एका शरीररचनाशास्त्रज्ञाने अर्थशास्त्राला दिला.

पेटींचे काम एका अर्थी सोपे होते. त्यांच्या काळी पैसा म्हणजे सोन्याचांदीची नाणी. आज तसे राहिलेले नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेचेच कोष्टक पाहावे. लोकांच्या हातातील नोटा-नाणी, बँकांतील चालू खाती आणि बचत खात्यांचा मागणीदेय भाग मिळून, थोड्याफार किरकोळ बाबींसह, एम-१ होतो. त्यात मुदत ठेवी मिळवल्या की एम-३, ज्याला ढोबळमानाने देशातील एकूण पैसा म्हटले जाते. पोस्टातील ठेवींसाठी एम-२ आणि एम-४ अशी आणखी दोन घरे १९७७ पासून केलेली आहेत. यातील 'लोकांच्या हातातील' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. एटीएम यंत्राच्या पोटात असलेली पाचशेची नोट या हिशेबात पैसा नसते. ती आपण बाहेर काढली की त्या क्षणी चलन म्हणून मोजली जाते, आणि तेवढीच रक्कम आपल्या ठेवीतून वजा होते. एका बँकेने दुसरीत ठेवलेली रक्कम मोजत नाहीत, नाही तर एकच रुपया दोनदा येईल. सरकारचे रिझर्व्ह बँकेतील खातेही मोजत नाहीत. घरातील सोने, जमीन, समभाग, म्युच्युअल फंड यांचा तर प्रश्नच येत नाही. ती संपत्ती आहे, पण या अर्थाने पैसा नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केल्यापासून सोन्याचा आणि पैशाच्या मोजमापाचा उरलासुरला धागाही तुटला. तरीही 'जेवढे सोने तेवढ्याच नोटा छापतात' असे सांगणारे सुशिक्षित स्नेही मला दर महिन्याला एक तरी भेटतात.

मार्च २०२४ मध्ये भारताचा एम-३ सुमारे २५० लाख कोटी रुपये होता. त्यात नोटा-नाण्यांचा वाटा ३४ लाख कोटींच्या आसपास, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. बाकीचा सारा पैसा बँकांच्या खतावणीतील नोंदी आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीनंतर आपण सर्वांनी हे प्रत्यक्ष अनुभवले. चलनातील नोटा त्या वेळी जवळपास १८ लाख कोटींच्या होत्या; जानेवारी २०१७ च्या पहिल्या आठवड्यात त्या ९ लाख कोटींवर आल्या. माझ्या दवाखान्यात त्या दिवसांत सुट्या पैशांऐवजी उधारीची वही चालली. परंतु एम-३ मध्ये तशी कोसळ दिसत नाही, कारण नोटा ठेवी होऊन त्याच बेरजेच्या दुसऱ्या रकान्यात गेल्या होत्या. निम्मी रोकड गेली आणि 'एकूण पैसा' जवळपास तेवढाच राहिला! दोन्ही आकडे खरे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र त्यांतील एकालाच अर्थ होता.

या ठेवी येतात कोठून? आपली समजूत अशी की आपण ठेवतो आणि बँक त्यातून कर्ज देते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात स्पष्टच लिहिले की व्यवहारात क्रम बहुधा उलटा असतो. एखाद्या सहकाऱ्याने सोनोग्राफी यंत्रासाठी कर्ज घेतले की बँक ती रक्कम यंत्र विकणाऱ्याच्या खात्यात जमा करते. ती कोणाच्या खात्यातून काढून दिलेली नसते. नवी ठेव निर्माण होते, म्हणजे नवा पैसा जन्मास येतो. हप्ते फिटत गेले की तो तितकाच नाहीसा होत जातो. तेव्हा पडद्यावरील तो प्रचंड आकडा म्हणजे बव्हंशी जगाच्या कर्जाच्या नाण्याची दुसरी बाजू होय. ती पाहून श्रीमंत झाल्यासारखे वाटण्याचे कारण नाही.

आता व्याख्या बदलली म्हणजे काय होते ते पाहू. अमेरिकेचा एम-१ एप्रिल २०२० मध्ये ५ ट्रिलियन डॉलरच्या थोडा खाली होता. (एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी.) मे २०२० चा आकडा १६ ट्रिलियनच्या वर दिसतो. त्या वर्षी तेथे पैसा खरोखरच वेगाने वाढत होता, पण एका महिन्यात तिप्पट नव्हे. बचत खात्यातून महिन्याला सहाच वेळा पैसे हलवता येतील हे बंधन तेथील मध्यवर्ती बँकेने एप्रिलमध्ये उठवले, आणि त्यामुळे बचत खाती एम-१ मध्ये धरण्याचे ठरले. एवढ्या कारणाने आलेख कड्यासारखा उभा राहिला. तो कडा दाखवून 'पाहा, किती नोटा छापल्या' असे सांगणारी चित्रे आपल्या वैद्यकीय गटांतूनही फिरली. याच बँकेने मार्च २००६ मध्ये आपला एम-३ प्रसिद्ध करणेच थांबवले होते. त्यामुळे अमेरिकेचा एम-३ आणि भारताचा एम-३ शेजारी ठेवून तुलना करण्याची सोयही उरलेली नाही.

बालरोगतज्ज्ञांना हा अनुभव नवा नाही. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बालकांच्या वाढीची नवी मानके जाहीर केली आणि पुढे काही वर्षांत ती आपल्या अंगणवाड्यांतही आली. पूर्वीच्या, आपल्याच अकादमीच्या वर्गीकरणात वजन अपेक्षित वजनाच्या ६० टक्क्यांखाली गेले तरच मूल तीव्र कुपोषित गणले जाई. नव्या रेषा त्याहून वर होत्या. एका दिवसात तीव्र कमी वजनाच्या मुलांची संख्या वाढली. काट्यावरील मूल तेच, वजनही तेच. ही मानके चांगली आहेत, आणि ती स्वीकारली हे योग्यच झाले. परंतु जुन्या मापाचे मागचे वर्ष आणि नव्या मापाचे हे वर्ष शेजारी मांडून कुपोषण वाढल्याचा गवगवा झाला, तेव्हा आम्हीच घसा कोरडा करून समजावत होतो. पैशाच्या बाबतीत तसे समजावणारा कोणी नसतो.

देशादेशांची बेरीज हा तर निराळाच गुंता आहे. आपल्या हैदराबादच्या जुन्या घरांतून तो सहज समजेल. निजामाच्या राज्याचे स्वतःचे नाणे होते, हाली शिक्का. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. माझे आजोबा परभणीकडून येथे शिक्षक म्हणून आले. पगार हालीत, आणि पुण्यास बहिणीला पाठवावयाचे ते कलदारमध्ये. सात हालींना सहा कलदार हा भाव. त्यांच्या वहीत दोन रकाने असत आणि महिनाअखेरची बेरीज ते कधीही एकत्र करीत नसत. वडिलांनी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले, "भाव आज आहे तो उद्या असेल असे सरकारने मला लिहून दिलेले नाही." हाली शिक्का १९५९ मध्ये व्यवहारातून कायमचा गेला. आजोबांची शंका मात्र जगाच्या बेरजेला आजही लागू पडते.

जपानचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२१ मध्ये तेथील एम-२ हा ११०० ट्रिलियन येनच्या वर होता आणि डॉलरला सुमारे १०३ येन पडत. ऑक्टोबर २०२२ पर्यंत तो १२०० ट्रिलियन येनच्या पुढे गेला, पण डॉलरचा भाव १५० येनवर पोचला होता. डॉलरमध्ये मोजाल तर जपानचा पैसा सुमारे ११ ट्रिलियनवरून ८ ट्रिलियनवर घसरला. टोकियोतील एकाही खातेदाराचे पासबुक त्यामुळे कमी झाले नाही, उलट ठेवी वाढल्याच होत्या. जगाच्या बेरजेतून मात्र ३ ट्रिलियन डॉलर नाहीसे झाले.

शिवाय कोणता पैसा कोणाचा, हेही सरळ नाही. इक्वेडोरने २००० मध्ये आणि एल साल्वादोरने २००१ मध्ये अमेरिकी डॉलर हेच आपले चलन केले; तेथील बाजारात फिरणाऱ्या नोटा अमेरिकेच्या बेरजेत मोजल्या जातात. अमेरिकेच्या रोकड नोटांपैकी निम्म्याच्या आसपास देशाबाहेर असाव्यात असा तेथील मध्यवर्ती बँकेच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. उलट लंडनच्या बँकेत एखाद्या अरब व्यापाऱ्याने ठेवलेले डॉलर अमेरिकेच्या आकड्यात येत नाहीत. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत आणि त्यांच्या परकीय चलनातील अनिवासी ठेवी येथील बँकांत आहेत. त्या भारताचा पैसा धराव्यात का? जुन्या एम-३ मध्ये त्या धरल्या जात. १९९८ च्या कार्यगटाने सुचवलेल्या नव्या मापात त्या वगळल्या. दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

या पसाऱ्यात शिस्त आणण्याचे काम आंतरराष्ट्रीय नाणेनिधी करतो. २००० मध्ये आणि सुधारून २०१६ मध्ये त्याने मार्गदर्शक नियमावली काढली. देशोदेशींचे ताळेबंद एका साच्यात यावेत हा तिचा हेतू. पण कोणती ठेव व्यापक पैशात धरावी याचा अंतिम निर्णय तिनेही देशांवर सोडला आहे, आणि ते शहाणपणाचे आहे, कारण लोकांच्या सवयीच निराळ्या. चीनचा एम-२ २०२४ च्या अखेरीस ३१० ट्रिलियन युआनच्या पुढे होता. डॉलरमध्ये तो अमेरिकेच्या एम-२ च्या जवळपास दुप्पट भरतो. म्हणून चिनी माणूस अमेरिकी माणसाच्या दुप्पट श्रीमंत आहे काय? तेथे बचत बँकेत राहते आणि उद्योगांना भांडवलही बँकाच पुरवतात. अमेरिकेत तीच बचत निवृत्तिनिधींत, रोख्यांत आणि समभागांत जाते, जे या मापात येत नाहीत. जगाच्या एकूण आकड्यात अशा सवयींची सरमिसळ असते.

मग हे मोजूच नये काय? अवश्य मोजावे. पण आपण मुलाचे वजन जसे वाचतो तसे ते वाचावे. एका भेटीतील एका वजनावरून मी क्वचितच काही बोलतो. त्याच काट्यावर, तेच मूल, महिन्यामागून महिने, आणि रेषा कोठे वाकते ते पाहतो. एका देशाचा एम-३, एकाच व्याख्येने, त्याच चलनात, दर पंधरवड्याला रिझर्व्ह बँक जाहीर करते तसा पाहिला, तर कर्जे फुगत आहेत की आटत आहेत हे कळते. जगभराची एकच बेरीज म्हणजे बाह्यरुग्ण विभागातील सर्व मुले एकाच काट्यावर चढवून घेतलेले वजन.

आणि आता आपल्या मंडळाशी थेट संबंधित गोष्ट. या मोजमापात मजबूत बँकेतील ठेव आणि डळमळीत बँकेतील ठेव यांत काहीही फरक नसतो. दोन्ही एम-३ मध्ये सारख्याच रुपयांनी येतात. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीस खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते. कोष्टकातील ठेव तशीच होती. ठेवीवरचा विमा १९९३ पासून १ लाख रुपयांवर अडकलेला होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख झाला. पतसंस्थेतील ठेवीला तर हा विमा मुळीच नाही. तिथली आपली पावती रिझर्व्ह बँकेच्या एम-३ मध्येही धरलेली नसते. पतसंस्थेने स्वतः बँकेत जे ठेवले असेल तेवढेच मोजले जाते. दीड-दोन टक्के अधिक व्याजासाठी निवृत्तीची सारी पुंजी अशा एकाच ठिकाणी ठेवलेले वयोवृद्ध डॉक्टर या शहरात मी पाहिले आहेत. त्यांतील एकांच्या संस्थेने दोन वर्षे पैसे दिले नाहीत. ते वयाच्या शहात्तराव्या वर्षी पुन्हा दवाखान्यात बसू लागले. आपल्याला पेन्शन नाही, आणि गुडघे व डोळे किती वर्षे साथ देतील याचा भरवसा आपणच इतरांना देत नाही.

म्हणून खजिनदारांना माझी एक जाहीर विनंती आहे. मंडळाचा शिक्षण साहाय्य निधी आणि आजारी सभासदांसाठीचा निधी वार्षिक अहवालात आजवर 'बँका व संस्थांतील ठेवी' अशा एका ओळीत छापला जातो. येत्या सर्वसाधारण सभेपुढे तो फोडून मांडावा: कोणत्या बँकेत किती, त्यातील विम्याखाली किती, आणि पतसंस्थेत किती. अर्ध्या पानाचे काम आहे. छपाईचा वाढीव खर्च होणार असेल तर माझ्या या लेखातील दोन परिच्छेद कापावेत, माझी हरकत नाही.